कानातून येणारा आवाज: ओएई सिग्नलचं विश्लेषण नेमकं कसं करावं?

प्रश्न एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे. त्यांचा विषय सिग्नल प्रोसेसिंग. नवजात बाळांच्या श्रवणतपासणीतली ओटोअकॉस्टिक एमिशनची, म्हणजे आतला कान स्वतः करतो त्या क्षीण आवाजाची (थोडक्यात ओएई), रेकॉर्डिंग्ज त्यांना अभ्यासासाठी मिळाली आहेत. काही क्लिक देऊन घेतलेली, काही दोन टोन एकत्र देऊन घेतलेली. त्या विचारतात: साध्या एफएफटीवर (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) भागेल का, वेव्हलेट (कोणती फ्रिक्वेन्सी कधी आली हेही दाखवणारी पद्धत) वापरावं का, की सगळा डेटा थेट न्यूरल नेटवर्ककडे सोपवावा?

या तिन्ही पर्यायांकडे वळण्याआधी हा आवाज कशामुळे ओळखू येतो ते पक्कं करा. कर्णनलिकेत ठेवलेल्या मायक्रोफोनला सगळं एकदम ऐकू येतं: तुम्ही दिलेला क्लिक, त्याचे कानाच्या पडद्यावरून आणि नलिकेच्या भिंतींवरून परतलेले पडसाद, बाळाचा श्वास, वॉर्डातला पंखा आणि या सगळ्याच्या तळाशी आतल्या कानाचा स्वतःचा आवाज. तो वेगळा काढायला दोनच भरवशाच्या खुणा आहेत. एक म्हणजे उशीर: कॉक्लियाचा, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाकृती भागाचा, आवाज काही मिलिसेकंदांनी येतो आणि हा उशीर फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो. दुसरी म्हणजे अरेषीयता: दिलेला आवाज दुप्पट केला तरी कानाचं उत्तर दुप्पट होत नाही. या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक पद्धत यांपैकी एका खुणेवर उभी आहे. पद्धतीचं नाव कितीही भारदस्त असो, ती कोणत्या खुणेचा आधार घेते हे सांगता आलं नाही तर ती वापरू नका.

थोडी पार्श्वभूमी. आतल्या कानात ऊर्जा पुरवणारी सक्रिय यंत्रणा असली पाहिजे, असं १९४८ मध्येच थॉमस गोल्ड यांनी मांडलं होतं. हे तेच गोल्ड, ज्यांनी त्याच वर्षी हर्मन बाँडी यांच्यासोबत स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. फ्रेड हॉइल आणि पुढे जयंत नारळीकर यांच्यामुळे तो सिद्धांत मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. विश्वाबद्दलचं त्यांचं म्हणणं टिकलं नाही, कानाबद्दलचं टिकलं. मात्र त्याला पुरावा मिळायला ३० वर्षं लागली. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कर्णनलिकेत क्लिक दिला आणि काही मिलिसेकंदांनी परत येणारा क्षीण आवाज नोंदवला. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॉक्लियातल्या बाह्य केशपेशी विद्युत बदलानुसार आपली लांबी बदलतात. ही हालचाल घडवणारं प्रेस्टिन नावाचं प्रथिन २००० साली सापडलं. या पेशी बेसिलर पटलाच्या, म्हणजे कॉक्लियात आवाजानं थरथरणाऱ्या पापुद्र्याच्या, हालचालीला बळ देतात आणि त्या ऊर्जेचा काही भाग उलट दिशेनं, मधल्या कानातून, पडद्यापर्यंत परत येतो. म्हणजे सिग्नल मधल्या कानातून दोनदा जातो, जाताना आणि येताना. मधल्या कानात पाणी साठलं असेल तर कॉक्लिया ठणठणीत असूनही ओएई दिसत नाही, त्याचं कारण हेच.

आता आकड्यांचा अंदाज घेऊ. शून्य डेसिबल एसपीएल (आवाजाच्या दाबाची पातळी) म्हणजे २० मायक्रोपास्कल. निरोगी नवजात बाळाचं क्लिकला मिळणारं उत्तर साधारण २० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे सुमारे २०० मायक्रोपास्कल. मोठ्या माणसात ते बरंच कमी. दोन टोनच्या चाचणीत कानानं निर्माण केलेला तिसरा टोन दिलेल्या टोनपेक्षा साधारण ६० डेसिबलनं खाली असतो, म्हणजे दाबाच्या भाषेत हजारावा भाग. तुमच्या प्रोबमधला (कर्णनलिकेत बसवायच्या, स्पीकर आणि मायक्रोफोन असलेल्या टोकातला) स्पीकर स्वतःच हजारात एक इतकी विकृती करत असेल, तर तुम्ही कान मोजत नसून स्पीकर मोजत आहात. म्हणूनच दोन टोन दोन वेगळ्या स्पीकरमधून दिले जातात, म्हणजे ते एकमेकांत मिसळतात ते फक्त हवेत आणि कानात. आणि म्हणूनच रोज सकाळी प्रोब एका छोट्या बंद पोकळीत घालून तीच चाचणी चालवायची असते. पोकळीला कॉक्लिया नाही. तिथे तिसरा टोन दिसला तर तो यंत्राचाच. तुमच्या डेटासोबत अशी पोकळीतली रेकॉर्डिंग्ज आली आहेत का, ते आधी विचारा. नसतील तर त्याच यंत्रावर करून घ्या.

कॅलिब्रेशनचा आणखी एक मुद्दा सिग्नल प्रोसेसिंगची मंडळी हमखास सोडतात. प्रोब आणि पडदा यांच्यात मोठ्या माणसात साधारण दोन सेंटिमीटर अंतर उरतं. इतक्या अंतरात पाव तरंगलांबी बसते ती सुमारे ४,३०० हर्ट्झला. त्या फ्रिक्वेन्सीला पुढे जाणारी आणि परतणारी लहर प्रोबपाशी एकमेकींना खोडतात. मायक्रोफोनला आवाज कमी वाटतो, यंत्र स्पीकर वाढवतं आणि पडद्यावर ठरवल्यापेक्षा कितीतरी मोठा आवाज आदळतो. यावरचा उपाय म्हणजे फक्त पुढे जाणाऱ्या लहरीचा दाब हिशोबात धरणं. त्यासाठी स्पीकरची थेवेनिन तुल्य राशी, म्हणजे त्याचा मूळ दाब आणि अंतर्गत प्रतिबाधा, वेगवेगळ्या लांबीच्या नळ्यांमध्ये मोजून काढावी लागते. बाळाची नलिका आखूड असल्यानं ही अडचण आणखी वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकते. पण ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीही मोठ्यांच्या डेटाशी ताडून पाहणार असाल, तर हे लक्षात ठेवावंच लागेल.

आता क्लिकचा डेटा. इथे पहिली आणि सगळ्यात मोठी कमाई सरासरी काढण्यात आहे. सिग्नल दर वेळी सारखा येतो, गोंगाट बदलतो. रेकॉर्डिंगची संख्या दुप्पट केली की गोंगाट ३ डेसिबलनं उतरतो. हे तुम्हाला माहीतच असेल. पण हा नियम गोंगाट सगळीकडे सारखा असतो असं धरून चालतो, आणि बाळाच्या बाबतीत तो कधीच सारखा नसतो. बाळ शांत पडतं, मग चोखायला लागतं, मग हुंदका देतं. समजा २०० स्वीप (क्लिकनंतरच्या सुट्या नोंदी) शांत आहेत, त्यांतल्या गोंगाटाची व्हेरियन्स, म्हणजे चढउताराचं माप, १ धरू; आणि ५० स्वीप रडण्याचे आहेत, व्हेरियन्स १००. सगळ्यांची साधी सरासरी काढलीत तर उरलेल्या गोंगाटाची व्हेरियन्स येते सुमारे ०.०८३. ते ५० टाकून दिलेत तर ०.००५. तब्बल १२ डेसिबलचा फरक, तोही कमी डेटा वापरून! त्यामुळे यंत्रं एका ठरावीक पातळीच्या वरचे स्वीप फेकून देतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कोणताही स्वीप न फेकता प्रत्येकाला त्याच्या गोंगाटाच्या व्यस्त प्रमाणात वजन देणं. वरच्या उदाहरणात त्यानं किंचितच जास्त फायदा होतो, पण शांत आणि गडबडीच्या मधले स्वीप पुष्कळ असतात तेव्हा फेकण्याची पातळी कुठे ठेवायची हा वादच मिटतो. काळजी एकच: वजन ठरवण्यासाठी गोंगाट मोजताना सिग्नल आधी वजा करा. नाहीतर ज्या स्वीपमध्ये ओएई जोरदार, त्यालाच तुम्ही गोंगाटाचा समजून कमी वजन द्याल.

तुमच्या फाइलमध्ये सुटे स्वीप आहेत, की यंत्रानं काढलेली सरासरीच फक्त आहे? फक्त सरासरी असेल तर यातलं काहीच करता येणार नाही. म्हणून डेटा देणाऱ्यांकडे सुट्या स्वीपचा आग्रह धरा.

पुढे अरेषीयतेची खूण. केम्प यांच्या प्रयोगांतून घडलेल्या आयएलओ नावाच्या ओएई-तपासणी यंत्रांनी रूढ केलेली युक्ती सुंदर आहे. चार क्लिकचा एक संच. पहिले तीन सारखे, चौथा उलट्या दिशेचा आणि तिप्पट उंचीचा. चौघांच्या उत्तरांची बेरीज केली की जे काही रेषीय आहे ते शून्य होतं, कारण तीन वजा तीन. क्लिकचं रेंगाळणं, नलिकेतले पडसाद, पडद्याचं उत्तर, सगळं जातं. कान मात्र तिप्पट क्लिकला तिप्पट उत्तर देत नाही, म्हणून त्याचं काहीतरी उरतं. याची किंमतही मोजावी लागते. मोठ्या क्लिकला कानाचं उत्तर अजिबात वाढलं नाही असं धरलं, तरी चार पट सिग्नलऐवजी दोन पटच हाती लागतो. म्हणजे ६ डेसिबलचा तोटा. उत्तर थोडं वाढत असेल तर तोटा त्याहून जास्त. आणि गोंगाट तेवढाच राहतो. त्यामुळे सुरुवातीचे मिलिसेकंद हवे असतील तर ही पद्धत, आणि केवळ ८–१० मिलिसेकंदांनंतरचा, कमी फ्रिक्वेन्सीचा भाग हवा असेल तर साधी रेषीय सरासरी बरी. तुमची रेकॉर्डिंग्ज कोणत्या पद्धतीची आहेत ते हेडरमध्ये पाहा. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका.

यंत्र स्वीप आळीपाळीनं दोन खात्यांत साठवतं, अ आणि ब. दोघांच्या बेरजेचा अर्धा म्हणजे सिग्नल, वजाबाकीचा अर्धा म्हणजे त्याच सरासरीत उरलेला गोंगाट. ही साधी कल्पना या क्षेत्रातली सर्वात विश्वासू आहे असं माझं मत आहे, कारण तिला कोणतंही मॉडेल लागत नाही. अ आणि ब यांच्यातला सहसंबंध रिपोर्टवर टक्क्यांत छापलेला असतो. त्याचं सिग्नल-नॉइज गुणोत्तरात रूपांतर करता येतं: सहसंबंधाच्या दुपटीला एक वजा सहसंबंधानं भागायचं. ०.५ आला तर ३ डेसिबल, ०.७ आला तर साधारण ६.७ डेसिबल. पण हे संपूर्ण खिडकीवर, म्हणजे क्लिकनंतर मोजलेल्या पूर्ण वेळेवर, एकत्र काढू नका. १, १.५, २, ३, ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यांत वेगवेगळं काढा. बाळाच्या हालचालीचा गोंगाट कमी फ्रिक्वेन्सीत दाटलेला असतो आणि तो एकटाच पूर्ण खिडकीचा आकडा खाली ओढतो. स्क्रीनिंगच्या यंत्रांमध्ये खिडकी २० ऐवजी १२.५ मिलिसेकंदांची ठेवतात ती याच कारणानं: शेवटच्या भागात कमी फ्रिक्वेन्सीचं उत्तर असतं खरं, पण वॉर्डात ते गोंगाटाखाली बुडालेलंच असतं.

आता वेव्हलेट, म्हणजे उशिराची खूण. क्लिकला मिळालेल्या उत्तरात वरच्या फ्रिक्वेन्सी आधी येतात, खालच्या नंतर, कारण कॉक्लियाच्या तळाशी वरच्या फ्रिक्वेन्सींची जागा आहे आणि टोकाकडे खालच्या. ४ किलोहर्ट्झचा भाग सुमारे ५ मिलिसेकंदांनी येतो, १ किलोहर्ट्झचा सुमारे १० ते १२. इथे ठरावीक लांबीच्या खिडकीची एफएफटी अपुरी पडते. खिडकी ५ मिलिसेकंदांची घेतलीत तर १ किलोहर्ट्झला ठीक, पण ४ किलोहर्ट्झला ती खुद्द उशिराइतकीच लांब झाली. दीड मिलिसेकंदाची घेतलीत तर ४ किलोहर्ट्झला छान, पण १ किलोहर्ट्झची जेमतेम दीड आवर्तनं तिच्यात मावतात. वेव्हलेटची खिडकी फ्रिक्वेन्सीबरोबर आकसत जाते आणि कानाची रचनाही नेमकी त्याच धाटणीची आहे. मिलानमधल्या तोन्योला, ग्रांदोरी आणि रावाझ्झानी यांनी १९९७ च्या सुमारास वेव्हलेटनं क्लिक-ओएईचे उशीर मोजले. वॉर्सॉच्या ब्लिनोव्स्का यांच्या गटानं पुढे मॅचिंग पर्सूट नावाची पद्धत वापरून तोच सिग्नल गॅबर अणूंमध्ये, म्हणजे छोट्या, मर्यादित लांबीच्या लहरींमध्ये, फोडला. मॅचिंग पर्सूटनं एकेका घटकाची फ्रिक्वेन्सी, वेळ आणि लांबी सुटी मिळते, पण गोंगाट जास्त असेल तर तो गोंगाटातूनही तितकेच देखणे अणू काढून देतो. वॉर्डातल्या डेटावर माझा कल वेव्हलेटकडे आहे.

वेव्हलेटचा सर्वात उपयोगी वापर चित्र काढण्यात नाही, गाळण्यात आहे. वेळ-फ्रिक्वेन्सीच्या पटावर कानाचं उत्तर एका वक्र पट्ट्यातच येऊ शकतं. त्या पट्ट्याबाहेरचं सगळं शून्य करा आणि उलट रूपांतर करा. गोंगाट बराच उतरतो, शिवाय एक मोठा फायदा होतो. नेहमीच्या पद्धतीत सुरुवातीचे अडीच मिलिसेकंद कापून टाकावे लागतात, कारण तिथे क्लिकच असतो. त्या कात्रीत ५ किलोहर्ट्झच्या वरचं कानाचं उत्तरही बरंचसं जातं. वेळ-फ्रिक्वेन्सी गाळणीत ही कात्री फ्रिक्वेन्सीनुसार पुढे-मागे करता येते.

इथे एक सापळा आहे आणि प्रकाशनासाठी आलेल्या लेखांतही तो दिसतो. पट्टा आधीच्या ज्ञानावरून ठरवा, समोरच्या डेटावरून नाही. सरासरीत जिथे मोठे गुणांक दिसले तेवढेच ठेवायचे आणि मग त्याच निवडीनं गाळलेल्या अ आणि ब मधला सहसंबंध काढायचा, असं केलं तर शुद्ध गोंगाटातूनही सहसंबंध फुगून येतो. कारण जिथे अ आणि ब योगायोगानं एका दिशेला गेले, नेमक्या त्याच जागा तुम्ही निवडल्या. वेव्हलेट डीनॉइझिंगची तयार फंक्शनं नेमकं हेच करतात. पोकळीतली रेकॉर्डिंग्ज त्याच फंक्शनमधून काढून पाहा. तिथे ‘उत्तम ओएई’ दिसली तर पद्धत बाद.

दोन टोनच्या डेटाकडे येऊ. इथे एफ१ आणि एफ२ असे दोन टोन देतात, त्यांचं गुणोत्तर १.२२ च्या आसपास, पातळी सहसा ६५ आणि ५५ डेसिबल, आणि कान २एफ१–एफ२ या जागी तिसरा टोन देतो. इथे उशिराची खूण लागत नाही, कारण ती फ्रिक्वेन्सी तुम्ही दिलेलीच नाही. ती अरेषीयतेतूनच आली. म्हणून साधी एफएफटी इथे पुरते, मात्र टोन नीट निवडलेले असतील तरच. समजा सॅम्पलिंग ४८,००० हर्ट्झ आणि खिडकी ४,०९६ नमुन्यांची. एक बिन, म्हणजे एफएफटीचा एक फ्रिक्वेन्सी-कप्पा, ११.७२ हर्ट्झचा झाला. एफ२ बरोबर ४,००० हर्ट्झ ठेवलात तर तो ३४१.३ व्या बिनवर, म्हणजे दोन बिनच्या मध्ये पडतो आणि त्याची गळती दूरवर पसरते. तिसरा टोन ६० डेसिबल खाली आहे, त्याला ही गळती सहज झाकून टाकते. त्याऐवजी एफ२ ३४१ व्या बिनवर ठेवा, ३,९९६ हर्ट्झ. एफ१ २८० व्या बिनवर, ३,२८१ हर्ट्झ. गुणोत्तर १.२१८. तिसरा टोन आपोआप ५६० वजा ३४१, म्हणजे २१९ व्या बिनवर, २,५६६ हर्ट्झला बरोबर बसतो. गळती कमी करणाऱ्या हॅनिंग खिडकीची गरजच उरत नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी हे बहुधा केलेलं असतं. तुम्ही मात्र वेगळ्या लांबीची एफएफटी चालवून ते बिघडवू शकता. मूळ फ्रेमची लांबी शोधा आणि तिचीच पूर्ण पट वापरा.

प्राथमिक टोन, म्हणजे एफ१ आणि एफ२, अगदीच नकोसे झाले तर फेजची (लहरीच्या आवर्तनातल्या स्थानाची) एक युक्ती आहे. चार वेळा रेकॉर्ड करा. दर वेळी एफ१ ची फेज ९० अंशांनी पुढे आणि एफ२ ची १८० अंशांनी. चारही जोडल्यावर एफ१ आणि एफ२ दोघेही शून्य होतात. पण २एफ१–एफ२ ची फेज दोनदा ९० वजा १८०, म्हणजे जागची हलतच नाही, आणि तो टोन चौपट होऊन समोर येतो.

आता निर्णयाचा प्रश्न, ज्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. तिसऱ्या टोनच्या शेजारचे काही बिन घेऊन त्यांची सरासरी शक्ती म्हणजे नॉइज फ्लोर, आणि टोन त्याच्या ६ डेसिबल वर असला की ‘आहे’ असं म्हणतात. ६ डेसिबल म्हणजे शक्तीत चौपट. हा निकष किती कडक? शेजारचे सहा बिन घेतले असतील आणि आत फक्त गोंगाटच असेल, तर एफ नावाच्या सांख्यिकी वितरणानुसार ६ डेसिबल ओलांडण्याची शक्यता सुमारे ४.७ टक्के येते. बिन खूप जास्त घेतले तर ती १.८ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे तोच ‘६ डेसिबल’ दोन यंत्रांत दोन वेगळ्या अर्थांचा असू शकतो. पुढचा हिशोब आणखी महत्त्वाचा. चार फ्रिक्वेन्सींपैकी तीन जमल्या तर पास, हा नियम असेल तर शुद्ध गोंगाटानं पास होण्याची शक्यता एका चाचणीत सुमारे ०.०४ टक्के, आणि दहा वेळा चाचणी केली तरी ०.४ टक्केच. पण नियम चारपैकी दोनचा असेल तर एका चाचणीत १.२ टक्के आणि दहा वेळांत जवळजवळ १२ टक्के. बाळ रडतंय, आई थकली आहे, बाहेर रांग आहे. अशा वेळी पास येईपर्यंत बटण दाबत राहण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण न ऐकू येणारं मूल त्यातून निसटतं, आणि ते घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. तुमच्या डेटात एकाच कानाच्या किती चाचण्या झाल्या याची नोंद असेल तर ती अजिबात गाळू नका.

दोन टोनच्या डेटातली खरी गुंतागुंत पुढे आहे. क्रिस्टोफर शेरा आणि जॉन गिनन यांनी १९९९ मध्ये मांडलं की ओएई दोन वेगळ्या यंत्रणांनी तयार होतात. एक विकृतीची, जिथे दोन लहरी एकमेकींवर येतात तिथे. दुसरी परावर्तनाची, कॉक्लियातल्या बारीक अनियमिततांवरून. २एफ१–एफ२ मध्ये दोन्ही मिसळलेल्या असतात. पहिली लवकर येते आणि तिची फेज फ्रिक्वेन्सीबरोबर जवळजवळ सपाट राहते; दुसरी उशिरा येते आणि तिची फेज झपाट्यानं फिरते. दोघींच्या उशिरात १० मिलिसेकंदांचा फरक असेल तर फ्रिक्वेन्सी बदलताना पातळी दर १०० हर्ट्झला वर-खाली होते. तपासणीत एका अष्टकात (फ्रिक्वेन्सी दुप्पट होईपर्यंतच्या टप्प्यात) एक-दोनच बिंदू घेतात. तो बिंदू नेमका खड्ड्यात पडला तर निरोगी कान कमजोर दिसतो.

या दोन घटकांना वेगळं करायचं तर टोन हळूहळू सरकवत रेकॉर्ड करावं लागतं आणि प्रत्येक छोट्या तुकड्यात त्या क्षणाच्या फेजचे कोसाइन आणि साइन लघुतम वर्ग पद्धतीनं बसवावे लागतात. न्यूयॉर्कच्या ग्लेनिस लाँग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही पद्धत नीट मांडली. गणित साधं आहे. दोन सेकंदांत एक अष्टक या वेगानं टोन सरकत असेल तर २,००० हर्ट्झपाशी तो सेकंदाला सुमारे ६९० हर्ट्झ पळतो. १० मिलिसेकंद उशिरा आलेला घटक त्या क्षणी सुमारे ७ हर्ट्झ मागे दिसतो. तुकडा लांब घेतलात तर तो घटक गाळला जातो, आखूड घेतलात तर दोन्ही राहतात. मग पातळी आणि फेज दोन्ही घेऊन उलट एफएफटी करा: लवकर येणारा आणि उशिरा येणारा ढीग वेगवेगळे दिसतात. नुसती पातळी घेऊन हे होणार नाही. बिंदूंतलं अंतरही बारीक हवं. १० मिलिसेकंदांचा उशीर मोजायचा तर दोन बिंदूंत ५० हर्ट्झपेक्षा कमी अंतर, नाहीतर फेज उलगडताना अख्खं आवर्तन चुकतं. तुमचा स्क्रीनिंगचा डेटा चार-सहा सुट्या बिंदूंचा असणार. त्यावर हे विभाजन करता येत नाही, कोणत्याही हुशारीनं नाही.

एकाच टोनला मिळणाऱ्या, त्याच फ्रिक्वेन्सीच्या ओएईबद्दल थोडक्यात: तिथे दिलेला टोन आणि उत्तर एकाच बिनमध्ये असतात, म्हणून दुसरा दाबणारा टोन देऊन फरक काढावा लागतो. प्रयोगशाळेत उत्तम, वॉर्डात अवघड.

काहीच न देता कान स्वतःहून आवाज करतो तो चौथा प्रकार. तुमच्या क्लिकच्या डेटात तो नक्की डोकावेल, कारण नवजात बाळांत तो मुबलक असतो. २० मिलिसेकंदांच्या शेवटापर्यंत न विरणारी एखादी बारीक रेघ दिसली तर वेव्हलेटचा पट्टा चुकला असं समजू नका. तो स्वयंस्फूर्त टोन क्लिकला जुळून आलेला असतो. नुसत्या शांततेतल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र वेळेच्या अक्षावर सरासरी काढू नका. फेज बांधलेली नसते, म्हणून सगळं पुसलं जाईल. पॉवर स्पेक्ट्रमची सरासरी काढा. आणि तो खरोखर स्वतःहून आंदोलणारा स्रोत आहे, की अरुंद गाळणीतून आलेला गोंगाट, हे कसं ओळखायचं? १९८४ मध्ये विल्यम बियालेक आणि हीरो विट यांनी त्या टोनभोवती अरुंद फिल्टर लावून दाबाच्या मूल्यांचा हिस्टोग्राम पाहिला. गोंगाट असता तर मध्ये एक उंचवटा आला असता. त्यांना दोन उंचवटे मिळाले, मध्ये दरी. स्थिर आंदोलक बहुतेक वेळ आपल्या टोकांजवळ घालवतो, त्याची ही सही आहे. स्पेक्ट्रममध्ये दोन्ही सारखेच दिसले असते. दहा ओळींच्या कोडमध्ये होणारी ही चाचणी मला फार आवडते; जरूर करून पाहा.

राहिलं न्यूरल नेटवर्क. करा, पण लेबलचा अर्थ समजून घेऊन. ‘रेफर’ हा पुढच्या तपासणीला पाठवण्याचा शेरा आहे, बहिरेपणा नव्हे. जन्मल्यावर पहिल्या दिवशी नलिकेत व्हर्निक्स (नवजात त्वचेवरचा पांढरा लेप) आणि मधल्या कानात द्रव असतो, त्यामुळे अनेक निरोगी बाळं रेफर होतात. उलट बाजूनं, ऑडिटरी न्यूरोपथीत बाह्य केशपेशी शाबूत असतात, ओएई छान येते आणि तरी मेंदूपर्यंत आवाज नीट पोचत नाही. म्हणून अतिदक्षता विभागातल्या बाळांना एबीआर चाचणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी चाचणी, लागतेच. तुमच्याकडे फक्त पास-रेफर असेल तर नेटवर्क फार तर यंत्राचा निर्णय शिकेल, श्रवण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, त्यामुळे पुढच्या निदानाच्या नोंदी कुठे ना कुठे होत असतात. त्या परवानगी घेऊन, नाव-पत्ता काढून जोडून मिळाल्या तर तुमच्या कामाची किंमत कितीतरी वाढेल. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतल्या किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयातल्या ऑडिओलॉजिस्टसोबत बसून काही बाळांची पूर्ण वाटचाल समजून घ्या.

तांत्रिक बाजूनं तीन गोष्टी आग्रहानं सांगतो. प्रशिक्षण आणि चाचणीचे गट बाळानुसार पाडा, रेकॉर्डिंगनुसार नाही. एकाच बाळाचे दोन कान, त्याच कानाच्या दोन चाचण्या एकमेकींशी फार मिळत्याजुळत्या असतात. दोन किंवा जास्त रुग्णालयांचा डेटा असेल तर एक रुग्णालय पूर्ण बाजूला ठेवून तपासा, नाहीतर नेटवर्क यंत्र ओळखायला शिकतं. आणि तिसरी, सगळ्यात बोलकी: एक मॉडेल असं बांधा ज्याला सिग्नल दिलाच नाही, फक्त अ वजा ब, म्हणजे निव्वळ गोंगाट दिला. ते मॉडेलही पास-रेफर बऱ्यापैकी सांगू लागलं, तर तुमचं मोठं मॉडेल बहुतांशी रडणं मोजतंय. या तुलनेचा आकडा तुमच्या प्रबंधात मुख्य निकालाच्या शेजारीच छापा.

कामाचा क्रम विचारलात तर असा लावेन: आधी पोकळीतली रेकॉर्डिंग्ज, मग सुट्या स्वीपवर वजनदार सरासरी, मग पट्ट्यांनुसार अ-ब सहसंबंध, आणि हे सगळं जमल्यावर आधीच ठरवलेल्या पट्ट्याची वेव्हलेट गाळणी. दोन टोनच्या डेटावर फ्रेमची लांबी जुळवून एफएफटी, शेजारी किती बिन घेतले त्याचा स्पष्ट उल्लेख, आणि ६ डेसिबलऐवजी थेट शक्यतेचा आकडा. क्लिक-डेटाचा एखादा नमुना आणि हेडर पाठवलंत तर खिडकी आणि पद्धत कोणती आहे ते पाहून सांगू शकेन. मात्र पाठवण्याआधी बाळाची ओळख पटेल अशी प्रत्येक नोंद काढून टाका, तारखेसकट.